मदत हवी आहे: 'डेथ ॲट अ फ्युनरल' मूळ आणि रिमेक दाखवून प्रेक्षकांची मतं कशी घ्यावीत?

दुसरी_रांग
नमस्कार मंडळी. फिल्म क्लबसाठी एक कार्यक्रम ठरवायचा आहे. ४० सभासद, एक सभागृह, एक प्रोजेक्टर. २००७चा ब्रिटिश 'डेथ ॲट अ फ्युनरल' आणि २०१०चा त्याचा अमेरिकन रिमेक दाखवून चर्चा घ्यायची आहे.
अडचण अशी की नेटवरच्या मतांचा काही मेळ लागत नाही. आयएमडीबी या साइटवर प्रेक्षकांच्या गुणांत मूळ चित्रपट दहापैकी सातच्या पुढे आणि रिमेक सहाच्याही आत. पण रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकाने रिमेकला चारपैकी साडेतीन तारे दिलेले. पटकथाकार तोच (डीन क्रेग), प्रसंग जवळजवळ तेच, मग एवढी तफावत कशी? आणि आपल्या प्रेक्षकांची मतं घ्यायची तर कशी, म्हणजे नुसतं 'ओरिजिनल ते ओरिजिनल' एवढ्यावर गाडी अडकणार नाही? की जोडीच बदलू?

तिकीटबारी
आधी आकड्यांचं बघू, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते.
रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या साइटची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांनी 'बरा आहे' किंवा त्याहून चांगलं म्हटलं, एवढंच ती सांगते. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला चित्रपटही ९०च्या वर जाऊ शकतो. तिथला प्रेक्षकांचा आकडा वेगळा असतो: पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणाऱ्यांचं प्रमाण. सिनेमास्कोर ही अमेरिकन पाहणी संस्था पहिल्या दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेते आणि चित्रपटाला 'ए', 'बी' अशी श्रेणी देते. हौसेने पहिल्या दिवशी तिकीट काढणारे मुळात खूशच असतात, म्हणून तिथे 'बी'सुद्धा फार कौतुकाचा नाही. आयएमडीबीवर जगभरातून मतं पडतात आणि मत द्यायला मुद्दाम जावं लागतं. रिमेकवर रागावलेला माणूस हटकून जातो.
आता गल्ला बघा. मूळ चित्रपटाने जगभरात साडेचार कोटी डॉलरच्या वर कमावले, त्यात अमेरिकेचा वाटा सुमारे ८६ लाख. रिमेकचं बरोबर उलटं: सव्वाचार कोटींच्या आसपास एकट्या अमेरिकेत, बाहेर किरकोळ. म्हणजे रिमेक बघणाऱ्या बहुतेक अमेरिकनांनी मूळ पाहिलाच नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो रिमेक नव्हता, ख्रिस रॉक आणि मार्टिन लॉरेन्सचा नवा विनोदी चित्रपट होता. तुलना करणारे आणि न करणारे असे दोन वेगळे गट एकाच पानावर मतं देतायत, मग मेळ बसणार कुठून?

मधलं_पान
तिकीटबारींशी सहमत. पण फरक फक्त प्रेक्षकांत नाही, चित्रपटांतही आहे, आणि तो कथेत शोधलात तर सापडणार नाही. कथा एकच: वडिलांचा अंत्यविधी घरी, शवपेटीत भलताच मृतदेह, व्हॅलियम (मन शांत करणारं औषध) समजून भलतीच गोळी खाल्लेला भावी जावई, आणि फोटो दाखवून पैसे मागणारा अनोळखी बुटका गृहस्थ. ही भूमिका दोन्हीकडे पीटर डिंक्लेजचीच आहे.
फरक आहे तो कोण गप्प बसतं यात. मूळ चित्रपटात विनोद दडपणाचा आहे. मॅथ्यू मॅकफेडेनचा डॅनियल काहीही झालं तरी आवाज चढवत नाही, पाहुणे सगळं दिसत असून न दिसल्यासारखं करतात. मर्तिकाच्या घरी कुणी चुकून हसलं की बाकीचे कसे खाली बघतात, तसं दीड तास. झाकण घट्ट बसवलेलं, म्हणून शेवटी उडतं तेव्हा आवाज होतो. रिमेकमधलं घर कॅलिफोर्नियातल्या कृष्णवर्णीय कुटुंबाचं. तिथे रडणं, भांडणं, टोमणे सगळं मोठ्याने आणि तोंडावर. वाफ सतत सुटत राहते, त्यामुळे एकेक वाक्य जास्त हसवतं, पण शेवटचा गोंधळ तेवढा अंगावर येत नाही.
दुसरी गोष्ट नटांच्या निवडीची. रिमेकमध्ये ख्रिस रॉकला सरळ, सोसणाऱ्या थोरल्या भावाची भूमिका आहे. त्याच्या स्टँडअपसाठी आलेल्यांचा विरस तिथेच होतो. गोळी खाल्लेल्या ऑस्करच्या भूमिकेत जेम्स मार्सडनने मात्र धमाल केली आहे. मूळचा ॲलन टुडिक जास्त नेमका की मार्सडन, यावर वाद हमखास रंगेल.
अवांतर: 'अस्सल ब्रिटिश' म्हणून ज्याची बाजू घेतली जाते त्या मूळ चित्रपटाचा दिग्दर्शक फ्रँक ऑझ. जन्म इंग्लंडचा, पण वाढला अमेरिकेत, आणि 'स्टार वॉर्स'मधल्या योडाचा आवाज त्याचाच. टुडिक आणि डिंक्लेज दोघेही अमेरिकन. चर्चेत कुणी फार देशाभिमानी झालं तर हे पुढे करा.

खुर्ची_क्र_१३
आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.
दोन्ही चित्रपट साधारण दीड-दीड तासाचे, म्हणजे लागोपाठ शक्य आहेत. पण तसं करू नका. विनोदी चित्रपटात दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला की हसू निम्मं होतं, शिवाय लोक दमलेले असतात. जो दुसरा दाखवाल तो हरेल आणि खापर दिग्दर्शकावर फुटेल.
म्हणून सभासद चिठ्ठ्या टाकून २०-२० असे दोन गटांत वाटा. शनिवारी 'अ' गट मूळ बघेल, 'ब' गट वेगळ्या वेळी रिमेक. पुढच्या शनिवारी अदलाबदल. गट मैत्रीवर पाडू नका, नाहीतर एक टोळकं एकाच मताचं होतं. चित्रपट आधी पाहिलेले सभासद दोन्ही गटांत सारखे वाटा आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर खूण करा.
चिठ्ठीवर पाचच प्रश्न: हा चित्रपट किंवा याची दुसरी आवृत्ती आधी पाहिली आहे का, दहापैकी गुण, सर्वांत जास्त हसू आलेला प्रसंग, न पटलेला प्रसंग, कोणतं पात्र खरं वाटलं. पहिला प्रश्न चित्रपट सुरू होण्याआधी भरून घ्या. बाकीचे दिवे लागल्यावर लगेच, चर्चेआधी. एकदा का कुणी ज्येष्ठ सभासद 'काय राव, वाट लावली' म्हणाले की पुढच्या पंधरा चिठ्ठ्या तेच म्हणतात.
बेरीज करताना आधी फक्त पहिल्या आठवड्याचे गुण ताडून बघा, ते तुलनेच्या सावलीबाहेरचे असतात. मग दुसऱ्या आठवड्यात कोणता चित्रपट किती घसरला ते बघा. दोन्ही सारखेच घसरले तर दोष क्रमाचा. एकच घसरला तर बोलण्यासारखं काहीतरी आहे.

दुसरी_रांग
वा, हे फारच उपयोगी. सबटायटल्स ठेवू की काढू? आणि 'द लेडीकिलर्स'ची जोडी जास्त बरी का, असं एका सभासदाचं म्हणणं आहे.

खुर्ची_क्र_१३
सबटायटल्स ठेवली तर दोन्हीकडे ठेवा. मूळमध्ये लोक पुटपुटतात, रिमेकमध्ये एकमेकांच्या वाक्यावर बोलतात, त्यामुळे गरज दोन्हीकडे आहे. तोटा असा की ओळ बोलली जाण्याआधीच वाचून होते आणि हशा अर्धा सेकंद लवकर पडतो. सबटायटल्स फाइल वेगळी असेल तर प्लेअरमध्ये ३०० ते ५०० मिलिसेकंद उशिरा लावा. त्याहून जास्त नको, मग ओळी मागे पडतात. आवाज नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवा, कारण हशात पुढची ओळ बुडते.
परवानगीचं विसरू नका. ओटीटीचं सदस्यत्व आणि डीव्हीडी घरगुती वापरापुरती असते, तिकीट नसलं तरी. दोन चित्रपटांसाठी दोन वेगळ्या परवानग्या लागतील असं धरूनच चाला.

मधलं_पान
'द लेडीकिलर्स'ची जोडी अभ्यासाला उत्तम, मतं घ्यायला अवघड. १९५५चा ब्रिटिश ईलिंग स्टुडिओचा चित्रपट आणि २००४चा अमेरिकन दिग्दर्शक कोएन बंधूंचा, दोन्हींत फक्त सांगाडा सारखा: म्हातारीच्या घरी खोली घेऊन वाद्यवृंदाच्या नावाखाली दरोडा आखणारी टोळी. पहिल्यात लंडनच्या किंग्ज क्रॉसजवळचं घर आणि प्रेतं खालच्या मालगाडीत. दुसऱ्यात मिसिसिपी, चर्चची गाणी आणि प्रेतं पुलावरून कचरा वाहणाऱ्या सपाट बोटीवर. इतकं बदलल्यावर लोक तुलना कशाची करतात तर ॲलेक गिनेस की टॉम हँक्स, आणि चर्चा तिथेच संपते. दोन्हीकडे खरी बाजी म्हातारीनेच मारली आहे. केटी जॉन्सनला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, इर्मा हॉलला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक.
शिवाय रिमेकमधला शेवटचा टोला आपल्याकडे कळत नाही. म्हातारी लुटीचे सगळे पैसे बॉब जोन्स विद्यापीठाला द्यायचं ठरवते. ती कृष्णवर्णीय, आणि त्या विद्यापीठात २००० सालापर्यंत वेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी एकत्र फिरायला बंदी होती. हे आधी सांगितलं तर विनोद मरतो, न सांगितलं तर पोचतच नाही.

तिकीटबारी
तिसरा पर्याय घरचाच आहे. याच कथेवर २००९मध्ये हिंदीत 'डॅडी कूल' आला, सुनील शेट्टी आणि आफताब शिवदासानीचा, गोव्यातलं ख्रिस्ती कुटुंब. म्हणजे अमेरिकेच्या आधी आपण. तिसरा पूर्ण चित्रपट दाखवू नका, पेटी उघडण्याचा प्रसंग तिन्हींतून लागोपाठ लावा. गोव्याकडचे कुणी सभासद असतील तर दफनाच्या रीतींवर ते बोलतील, आणि तिथे 'ओरिजिनल ते ओरिजिनल' म्हणायला कुणाला जागाच मिळणार नाही.

खुर्ची_क्र_१३
+१. फक्त 'डेथ ॲट अ फ्युनरल'चे दोन्ही चित्रपट अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्राचे आहेत, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही. नागडा माणूस छपरावर आहे, आणि चाकाच्या खुर्चीतल्या काकांचा शौचालयातला प्रसंगही आहे. मुलांना घेऊन येऊ नये हे आमंत्रणातच छापा, आणि चहा-वडे त्या प्रसंगाच्या आधी फिरवू नका.