फ्लायबॅक सप्लाय: रेडिओतील खरखर आणि लोड नसतानाची वीज

प्रश्न
नमस्कार. यूसी३८४२ नियंत्रक आयसी वापरून १२ व्होल्ट, २ अँपिअरचा फ्लायबॅक सप्लाय (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग आउटपुटला देणारा स्विचिंग वीजपुरवठा) बनवला आहे. स्विचिंग ६६ किलोहर्ट्झला आहे. तो चालू केला की आकाशवाणी पुणे (७९२ किलोहर्ट्झ) खरखरीत बुडते, आणि लोड काढला तरी पाऊण वॅटहून अधिक वीज जाते. मॉस्फेटवर (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) १०० पिकोफॅरडचा स्नबर (व्होल्टेजचे झटके शमवणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) लावल्यावर खप आणखी वाढला. दोन्ही तक्रारी एकदम मिटवता येतील का?

पहिले उत्तर
स्विचिंगचा व्यत्यय त्याच्या वारंवारतेच्या पटींवरही उमटतो. ६६ ला १२ ने गुणा, नेमके ७९२ येतात. टायमिंग कपॅसिटर बदलून वारंवारता थोडी सरकवल्यास हे केंद्र मोकळे होईल, पण व्यत्ययाचे मूळ तसेच राहील. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी (मेन्सकडील) व सेकंडरी (आउटपुटकडील) वाइंडिंगमधील धारितेतून जाणारा प्रवाह आउटपुटच्या तारांवर चढतो व त्यांचा अँटेना बनतो. त्याला परतीची जवळची वाट देण्यासाठी प्रायमरी व सेकंडरीच्या ग्राउंडमध्ये २.२ नॅनोफॅरडचा वाय-१ कपॅसिटर (मेन्स व आउटपुट यांच्यामध्ये जोडण्यासाठीचा सुरक्षित प्रकार) आखूड पायांनी जोडा. तिथे साधा सिरॅमिक कधीही लावू नका. तो शॉर्ट झाल्यास मेन्सची वीज थेट आउटपुटवर येईल. क्लिप-ऑन फेराइट मध्यम लहरींवर फारसे कामी येत नाही. मेन्सच्या बाजूला काही मिलिहेन्रींचा कॉमन-मोड चोक (दोन्ही तारांवर एकाच दिशेने वाहणारा व्यत्यय अडवणारी कॉइल) लागतो.

दुसरे उत्तर
स्टार्टअप रेझिस्टर (आयसीला सुरुवातीचा प्रवाह देणारा) किती आहे? डीसी बस (मेन्स रेक्टिफाय करून मिळणारा डीसी) ३२५ व्होल्टची असेल, तर २७० किलोओहम एकटाच ०.३९ वॅट जाळतो, कारण यूसी३८४२ ला सुरू होण्यासाठी १ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. तीच पिनरचना असलेल्या यूसीसी२८सी४२ ला ०.१ मिलिअँपिअर पुरतो, मग १.५ मेगओहम चालतो आणि हा खर्च ०.०७ वॅटवर येतो. मात्र तिचा व्हीसीसी (आयसीचा पुरवठा व्होल्टेज) १८ व्होल्टच्या आत ठेवावा लागतो, म्हणून बदलण्याआधी तो पुरवणाऱ्या ऑक्झिलरी वाइंडिंगचा व्होल्टेज अवश्य मोजा.

तिसरे उत्तर
मॉस्फेटवरचा स्नबर काढाच. प्रत्येक चक्रात ४०० व्होल्टपर्यंत भरून रिकामा होणारा १०० पिकोफॅरड ६६ किलोहर्ट्झला सुमारे १ वॅट खातो. नुकसान व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे आउटपुट डायोडवरील छोटा आरसी स्नबर फार स्वस्तात पडतो, आणि तीव्र रिंगिंग (स्विचिंगनंतरची व्होल्टेजची आंदोलने) बहुधा तिथेच असते. वीज वाचवण्याच्या नादात एक्स-२ कपॅसिटरवरील (मेन्सच्या दोन तारांमध्ये जोडलेला) डिस्चार्ज रेझिस्टर मात्र काढू नका. तो नसल्यास कपॅसिटर भरलेला राहतो आणि प्लग ओढल्यावर प्लगच्या पिनांना हात लागून झटका बसू शकतो.