तो बग नव्हं भावा, सबशेल हाय

भावा, व्हाइल लूपला पाइपनं (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) फाइल दिली की बाहेर आल्यावर काउंटर परत शून्य, म्हणून बॅशमध्ये (लिनक्सवर आपल्या कमांड चालवणारं शेल) बग हाय म्हणालास, पण तो बग नाही. पाइपचा प्रत्येक तुकडा बॅश वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालवतं, तिथं वाढलेला काउंटर तिथंच मरतो. मीपण उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या जॉबची मोजणी लावताना दोन रात्री डोकं फोडून घेतलेलं, त्यात तीच स्क्रिप्ट झेडशेलमध्ये (बॅशसारखंच दुसरं शेल) बरोबर आकडा द्यायची, मग काय, खात्रीच पटली की बॅश गंडलंय! झेडशेल शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतं, एवढाच फरक. बॅशमध्ये व्हर्जन ४.२ पासून तसंच करणारा लास्टपाइप ऑप्शन आहे, पण तो जॉब कंट्रोल (चालू कमांड थांबवायची, मागं-पुढं करायची सोय) बंद असेल तरच लागू होतो, म्हणजे स्क्रिप्टमध्ये चालेल, टर्मिनलवर टाइप करून बघितलास तर परत शून्य आणि परत शिव्या घालशील. त्यापेक्षा पाइपच काढ, लूप जिथं संपतो त्या डनच्या पुढं < टाकून फाइल रीडायरेक्ट कर.

खरंच बग घावला तर बॅशबग कमांड हाय की, व्हर्जन-कंपायलरची माहिती तीच भरते. तू फक्त चार ओळींत तो कसा घडतो ते लिही, ३०० ओळींची अख्खी स्क्रिप्ट चिकटवू नको मर्दा, कोण वाचणार.