प्रति: गांजानंतर ब्राउन शुगर ठरलेलीच का?

वर एकांनी लिहिलंय की आज गांजा ओढणारा उद्या ब्राउन शुगरवर (म्हणजे भेसळीच्या हेरॉइनवर) जाणारच, तर भावा इतकं सरळ नसतंय ते. अमेरिकेतल्या संशोधक डेनिस कँडेल बाईंनी १९७५ ला नशेचे हे टप्पे मांडले त्यात सुरुवात बिअर-वाइनची, मग सिगरेट नाहीतर कडक दारू, गांजा त्याच्यानंतर, आणि खालचा प्रत्येकजण वर चढतोच असं त्यासुद्धा म्हणत नाहीत.

आमच्या पेठेत तालमीच्या कट्ट्यावर आम्ही सहाजण तंबाखू-सुपारीचा मावा घोळत बसायचो (त्याला कोण नशा म्हणतच नव्हतं!), त्यातले तिघं रंकाळा तलावावर जाऊन गांजा ओढायला लागले, दोघांचं लग्नानंतर आपोआप सुटलं. तिसरा अडकला, पण कसा, तर एक दिवस देणाऱ्याकडं माल नव्हता आणि त्यानं खिशातनं गोळ्यांची स्ट्रिप काढली, 'हे घेऊन बघ' म्हणून. विकणारा एकच असला की असंच होतंय. नेदरलँड्सनं १९७६ ला कायद्यात गांजा-चरस आणि हेरॉइन वेगळं काढलं ते ह्याच्यासाठीच. आपल्याकडं अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातनं भांगेची पानं तेवढी सुटली, बाकी गांजा घ्यायला पण त्याच गल्लीत जायचं.