डॉक्सोरुबिसिनचा सेमीक्विनोन पहिल्याच पल्सला लवकर का जातो?

प्रश्न
पल्स रेडिओलिसिस (किरणांचा क्षणिक झोत देऊन द्रावणातले बदल प्रकाशशोषणातून मोजणं). डॉक्सोरुबिसिन (कर्करोगावरचं औषध) ५० मायक्रोमोलर, सोडियम फॉर्मेट ०.१ मोलर, फॉस्फेट बफर, पीएच ७. ऑक्सिजन बाहेर जावा म्हणून नायट्रस ऑक्साइड १५ मिनिटं सोडला. १० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं एकक) पल्सनंतर सेमीक्विनोन (एक इलेक्ट्रॉन घेतलेलं औषध, म्हणजे एक मूलक) मिलिसेकंदाच्या आत संपतो. त्याच क्युव्हेटला दुसरी-तिसरी पल्स दिली की जास्त टिकतो. कोणता क्षय खरा धरू?

प्रतिसाद १
एकही नाही. पहिल्या पल्सला उरलेला ऑक्सिजन नडतोय. सेमीक्विनोन अधिक ऑक्सिजनचा वेग स्थिरांक सुमारे ३ × १०^८ प्रति मोलर प्रति सेकंद. ऑक्सिजन ५ मायक्रोमोलर जरी उरला तरी १५०० प्रति सेकंद, म्हणजे अर्धायू अर्धा मिलिसेकंदसुद्धा नाही. हवेशी संपर्कात असलेल्या पाण्यात ऑक्सिजन २५० मायक्रोमोलरच्या आसपास असतो, त्यामुळे १५ मिनिटं अपुरी. ३०-४० मिनिटं द्या. सिलिकॉनची नळी आधी काढा, तिच्यातून ऑक्सिजन झिरपतो. स्टील किंवा काच वापरा.

खात्रीसाठी पल्स २ ग्रेवर आणा. मूलकं जेमतेम १.२ मायक्रोमोलर होतील आणि ऑक्सिजन त्यांच्यापेक्षा जास्त राहील. मग डोस थोडा बदलूनही अर्धायू तोच राहिला तर ऑक्सिजनच. डोस वाढवल्यावर अर्धायू घटला तर मूलकं आपापसात संपताहेत.

प्रश्नकर्ता
पण औषधाचं रेडॉक्स विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ) −०.३३ व्होल्ट, ऑक्सिजनचंही −०.३३. मग इलेक्ट्रॉन तिकडे जाईलच कशाला?

प्रतिसाद २
नेहमीची गल्लत. ऑक्सिजनचा तो आकडा १ वातावरण दाबाचा. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी १ मोलर प्रमाण धरलं की −०.१६ होतो. फरक ०.१७ व्होल्ट, समतोल स्थिरांक सुमारे ७००. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडेच जातो आणि सुपरऑक्साइड (एक इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन) बनतो. या औषधाच्या हृदयावरच्या दुष्परिणामांच्या चर्चेत हीच अभिक्रिया येते.

प्रतिसाद ३
दुसऱ्या पल्सवर भरवसा नको, प्रत्येक पल्सला ताजं द्रावण भरा. ऑक्सिजन संपला की सेमीक्विनोन आपापसात अभिक्रिया करून हायड्रोक्विनोन (दोन इलेक्ट्रॉन घेतलेलं औषध) देतात, त्यातून साखरेचा भाग गळतो आणि उरलेलं डीऑक्सिअ‍ॅग्लायकोन पाण्यात नीट विरघळत नाही. गढूळपणा आला की शोषणाचा पाया सरकतो. शिवाय ४८० नॅनोमीटरला मूळ औषधच जोरात शोषतं, तिथला बदल म्हणजे सेमीक्विनोन आणि मूळ औषध यांच्या शोषणातली नुसती वजाबाकी. ५० मायक्रोमोलरला रेणू जोडीने चिकटतात, १०-२० मायक्रोमोलरला करून पाहा. मोजणीच्या दिव्यासमोरचं शटर पल्सच्या क्षणापुरतंच उघडा.