भूतान: यादीतली राष्ट्रचिन्हं प्रत्यक्ष कुठे दिसतील? (शिवाय परमिट, पैसे, ताक्त्सांग)

चिंचेचं_पान

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, भूतान, सहा रात्री. सीमेवरच्या जयगावहून रस्त्याने आत आणि परत तसंच बाहेर. मंडळी चार: आम्ही दोघं, सासूबाई (६८) आणि लेक (९). लेकीचा शाळेचा प्रकल्प आहे, ‘शेजारी देशांची राष्ट्रचिन्हं’. तिची यादी: ड्रॅगनचा झेंडा, ताकिन, निळी पॉपी, काळ्या मानेचा क्रौंच, तिरंदाजी, एमा दात्शी. यातलं खरंच काय बघायला मिळेल? आणि आधार कार्डावर प्रवेश मिळतो असं एकाने छातीठोकपणे सांगितलंय, ते बरोबर आहे का?

घाटवाट

आधी कागद, कारण तिथेच गाडी अडते. आधार चालत नाही. पॅन नाही, लायसन्सही नाही. भारतीयांना दोनच गोष्टी चालतात: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. लेकीसाठी पासपोर्ट किंवा जन्मदाखला, आणि सोबत आईवडील. दाखला इंग्रजीतही हवा. आपल्याकडचे नवे दाखले दोन्ही भाषांत असतात, पण ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला जुना मराठी दाखला असेल तर आत्ताच नवा काढून घ्या. दुसरी नेहमीची अडचण नावाची. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि ओळखपत्रावर सासरचं असेल, तर खिडकीवर समजावत बसावं लागतं. पासपोर्ट असतील तर सगळ्यांचे पासपोर्टच वापरा, आणि परमिटच्या ऑनलाइन अर्जात जो कागद जोडलात त्याचीच मूळ प्रत सोबत ठेवा. अर्ज एकाचा आणि हातात दुसरा, असं करू नका.

पैसे: शाश्वत विकास शुल्क भारतीयांना माणशी, रात्री १२०० रुपये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे तुमचं तीन मोठ्यांचं ३६०० आणि लेकीचं ६००, रात्रीचे ४२००. सहा रात्रींचे २५,२००. हॉटेल, गाडी, तिकिटं वेगळी. संध्याकाळी उशिरा पोचलात तर सीमेपलीकडच्या फुन्त्शोलिंग गावात जाऊन नुसतं झोपण्यात अर्थ नाही. ती रात्र जयगावातच काढा आणि सकाळी पहिल्या तासाला कमानीपलीकडे जा.

घड्याळ विसरू नका. भूतान आपल्या अर्धा तास पुढे आहे. जयगावात साडेचार वाजले की तिकडे पाच, म्हणजे परमिटची कचेरी बंद करायची वेळ.

रेल्वेने येणार असाल तर हासीमारा सर्वांत जवळ, तिथून जयगाव १८ किलोमीटरच्या आसपास. विमानाने बागडोगरा, मग चार तास धरा. पुढे फुन्त्शोलिंग ते थिंफू अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण पाच-सहा तास लागतात. सुमारे ३०० मीटरवरून २३०० मीटरवर चढता, सलग वळणं, गेडूजवळ बहुतेक वेळा धुकं. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली फुकट जाते.

हिरवाकंद

आता यादी. त्यात एक चूक आहे, आणि ती बऱ्याच संकेतस्थळांवरही सापडते. काळ्या मानेचा क्रौंच भूतानचा राष्ट्रीय पक्षी नाही. राष्ट्रीय पक्षी आहे डोमकावळा. महाकालाचं डोमकावळ्याच्या तोंडाचं रूप तिथे राज्याचं रक्षण करणारं मानतात, म्हणून राजाच्या मुकुटावरही डोमकावळ्याचं डोकं आहे. क्रौंच फोबजिखा खोऱ्यात ऑक्टोबरअखेरीपासून उतरायला लागतात, भरतात नोव्हेंबरात. तुमच्या तारखांना दोन-चार दिसले तर नशीब. त्यासाठी थिंफूहून पाच तासांचा घाट करू नका.

निळी पॉपीही विसरा. अफूच्या कुळातलं हे फूल उंच खिंडींत पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलतं, ऑक्टोबरात त्याचं काही उरत नाही. लेकीला एक माहिती मात्र द्या. बरीच वर्षं या फुलाला ‘मेकोनॉप्सिस ग्रँडिस’ म्हणत. ही जात वेगळी आहे हे अलीकडे ठरलं आणि तिला ‘गाक्यिदियाना’ नाव मिळालं, जोंगखा भाषेतल्या ‘आनंद’ या शब्दावरून. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्यात दुसरं दिसलं तर गोंधळायला नको.

ताकिन नक्की दिसेल, थिंफूत मोतिथांगच्या राखीव कुंपणात. बकरीचं तोंड आणि गाईचं धड असा तो प्राणी. द्रुक्पा कुन्ले या अवलियाने जेवून उरलेल्या गाईच्या हाडांवर बकरीचं डोकं बसवलं आणि हा उठून चालू लागला, अशी कथा. कुंपणाची गोष्ट मला जास्त आवडते. आधी तिथे छोटं प्राणिसंग्रहालय होतं. बौद्ध देशात प्राणी कोंडणं बरं नव्हे म्हणून राजाज्ञेने ते सोडून दिले, तर हे पठ्ठे जंगलात न जाता खाणं शोधत थिंफूच्या रस्त्यांवर फिरू लागले. शेवटी पुन्हा कुंपण. सकाळी लवकर जा. चाऱ्याच्या वेळी जाळीजवळ येतात, दुपारी झाडीत बसून राहतात.

झेंडा सगळीकडे दिसतो, पण चित्र काढताना हमखास चुकतो. कर्ण काठीकडच्या खालच्या कोपऱ्यातून समोरच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जातो. काठीकडचा वरचा त्रिकोण पिवळा (राजसत्ता), खालचा नारिंगी (बौद्ध परंपरा). पांढरा ड्रॅगन कर्णावर आडवा, तोंड काठीपासून दूर, आणि चारही पंजांत रत्नं. रत्नं राहून जातात, त्यावर लक्ष ठेवा. प्रमाण ३:२. पहिला झेंडा १९४९ चा, भारत-भूतान कराराच्या वेळचा, आणि त्यातला ड्रॅगन हिरवा होता. प्रकल्पाला चिकटवायला १ न्गुल्त्रमची नोट घ्या, तिच्यावर राजचिन्ह आणि दोन ड्रॅगन आहेत. रुपया आणि न्गुल्त्रम एकास एक चालतात. उरलेले न्गुल्त्रम मात्र परतताना संपवा, जयगावच्या पुढे कोणी घेत नाही.

तिरंदाजीसाठी थिंफूचं चांगलिमिथांग मैदान. दोन टोकांना नेम धरायच्या दोन फळ्या, मधे सुमारे १४५ मीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या ७० मीटरच्या दुपटीहून जास्त. फळी जेमतेम मीटरभर उंच आणि वीतभराहून थोडी रुंद. गंमत अशी की आपल्याच संघाचे लोक त्या फळीशेजारी उभे राहून बाण कुठे पडला ते ओरडून सांगतात. बाण लागला की नाच, गाणं, आणि मारणाऱ्याच्या कमरेला रंगीत कापड. तुम्ही मात्र बाजूलाच थांबा. फळ्यांच्या मागे आणि मधल्या पट्ट्यात मुलीला मोकळं सोडू नका, कंपाउंड धनुष्याचा बाण येताना दिसत नाही.

यादीत नसलेलं एक घाला: राष्ट्रीय वृक्ष, सुरूच्या जातीचा, तिकडे त्सेन्देन म्हणतात. बऱ्याच मठांच्या अंगणात असतो. राष्ट्रीय फुलपाखरू सहा रात्रींत दिसायचं नाही.

चिंचेचं_पान

डोमकावळ्याबद्दल आभार, तक्ता बदलतोय. ताक्त्सांग आणि जेवणाबद्दल कोणी सांगेल का? मठांत कपड्यांचे नियम कडक आहेत म्हणतात.

पायपीट_७

ताक्त्सांग हा कड्यावरचा मठ सुमारे ३१०० मीटरवर आहे, पारो खोऱ्याच्या तळापासून ९०० मीटर उंच. तो पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवू नका. थिंफूला दोन रात्री, पुनाखाला एक (ते १२०० मीटरवर, झोप छान लागते), मग पारो आणि शेवटून दुसऱ्या दिवशी चढाई. तोवर सासूबाईंना हवेची सवय होते.

पायथ्याहून सकाळी सातला निघा. जायला अडीच-तीन तास, वयस्करांना चार. मठाचं तिकीट खाली पायथ्याशीच घ्या. वर पोचून तिकीट नाही म्हणून परतणारे असतात. अर्ध्या वाटेवर उपाहारगृह आहे. घोडा तिथपर्यंतच, आणि उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर हिशेब चढण्याचा नको, उतरण्याचा करा. उपाहारगृहातून मठ समोर दिसतो, तिथे चहा घेऊन थांबणं हा सुद्धा चांगला बेत आहे. पुढे जायचं तर समोरच्या कड्यापर्यंत चढ, मग पायऱ्यांनी दरीत उतरून धबधब्याजवळचा पूल, आणि पुन्हा पायऱ्या वर. बहुतेकांचा दम या शेवटच्या टप्प्यात जातो, कारण मठ हाकेच्या अंतरावर दिसत असतो आणि पाय खाली उतरत असतात.

दारात मोबाइल, कॅमेरा, पिशव्या जमा करतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण लांबीची विजार किंवा पंजाबी ड्रेस, टोपी काढलेली, प्रदक्षिणा डावीकडून. बूट काढावे लागतात आणि फरशी बर्फासारखी गार असते, म्हणून जाड मोजे खिशात. हे नियम सगळ्या मठांत आणि जोंगमध्ये (तिथले किल्लेवजा मठ), देवळाच्या आत फोटो कुठेच नाही.

एमा दात्शी म्हणजे मिरची आणि चीज, बस. मिरची इथे फोडणीला नसते, ती भाजी असते, पाव किलोच्या हिशेबाने. आपल्या ठेच्याला सरावलेल्यांनाही दोन घासांनंतर भात लागतो. लेकीसाठी केवा दात्शी (बटाटा) किंवा शामू दात्शी (अळंबी) मागवा आणि ‘मिरची नको’ हे आधीच सांगा, कारण त्यातही ती असतेच. सोबत लाल भात. सुजा हा लोणी-मिठाचा चहा आहे, साखरेच्या अपेक्षेने तोंडाला लावू नका.

घो (पुरुषांचा) आणि किरा (बायकांचा) हे तिथले पोशाख भाड्याने मिळतात, फोटोपुरते. लेकीला किरा नेसवताना खांद्यावरच्या कोमा म्हणजे दोन आकड्या नीट लागल्यात का बघा, नाहीतर कापड सरकतं. कमरेचा पट्टा घट्ट हवा, त्यावरच सगळा डोलारा.

घाटवाट

एक राहिलं. जेवण आणि छोट्या दुकानांसाठी रोख ठेवा, शंभराच्या नोटा जास्त. आपलं यूपीआय काही ठिकाणी चालतं, पण त्याच्या भरवशावर घाटात जाऊ नका. सिगारेट सार्वजनिक ठिकाणी बंद आहे, गुटखा-तंबाखू जयगावातच ठेवून या. आणि परतीच्या दिवशी सकाळी आठच्या आत निघा. दरड पडली तर रस्ता मोकळा व्हायला तीन-चार तास जातात, आणि त्या रात्रीचं शुल्क तुम्ही भरलेलं नसतं.