मदत हवी आहे: चिकट मातीतील सिॲनोथसला पहिल्या उन्हाळ्यात पाणी किती द्यावे?
सॅन होजे येथे घरासमोरची हिरवळ काढून गेल्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाची स्थानिक झुडपे लावली आहेत. क्लीव्हलँड सेज उत्तम रुजला. काळजी आहे ती वसंतात निळ्या फुलांनी भरून जाणाऱ्या सिॲनोथसची. जूनपासून त्याची खालची पाने पिवळी पडून गळत आहेत, शेंड्याची पालवी मात्र टवटवीत आहे. जागा दिवसभर उन्हाची आहे, माती काळी व चिकट असून खड्ड्यात ओतलेले पाणी जिरायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. ठिबक बंद करून हाताने पाणी देऊन पाहिले, बुंध्यालगतचे ढलप्यांचे आच्छादन दूर सारले. खत मुळीच घातलेले नाही. गरम, ओल्या मातीत या झुडपाची मुळे कुजतात, हे ठाऊक असल्याने पाणी देताना हात आखडतो. पण येथे उन्हाळाभर पाऊस जवळपास नसतोच, त्यामुळे नव्या रोपाला अगदी कोरडे ठेवणेही धोक्याचे वाटते. मुळे दुखावलेली त्याला सोसत नसल्याने आता ते उचलून उंचवट्यावर लावता येणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावे: अशा मातीत किती दिवसांच्या अंतराने व किती खोल ओल जाईल असे पाणी द्यावे, आणि हा पिवळेपणा तहानेचा आहे की मुळे कुजल्याचा, हे झुडूप न उपटता कसे ओळखावे?