दादाला काहीच वाटत नाही, मावशीला सगळंच लागतं. आजार एकच, मग असं का?

धाकटी_बहीण
दादाला 19व्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, आता तो 27चा आहे. मावशीला हाच आजार 46व्या वर्षी झाला. दोघंही आमच्याच घरात, त्यामुळे तुलना होतेच.

मावशीला कुणी "जरा सरक" म्हटलं तरी डोळ्यांत पाणी, आणि मग दिवसभर तेच घोळवत बसते. दादा ढिम्म. परवा भाची पहिल्यांदा चार पावलं चालली आणि नेमकी त्याच्याकडेच गेली, त्याचा गुडघा धरून उभी राहिली. आम्ही सगळे टाळ्या पिटतोय आणि हा भिंतीकडे बघावं तसा तिच्याकडे बघतोय. ताईला फार लागलं. "दगड झालाय नुसता," म्हणाली, तेही त्याच्यासमोर. रात्री गोळ्या द्यायला गेले तर त्याने विचारलं, "ती परत कधी येणार?"

म्हणजे आत काहीतरी आहे ना? हा बाई-पुरुष फरक, औषधांचा परिणाम, की स्वभाव? डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात, ती झोप आणि गोळ्यांतच संपतात.

कोरी_वही
मी स्वतः पेशंट आहे, 14 वर्षं झाली. तुमच्या मावशीची बाजू घेते. आवाज ऐकू येणं गोळ्यांनी बरंच आटोक्यात आलं, पण "लवकर आवर" एवढ्या दोन शब्दांनी माझा अख्खा दिवस जातो. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तर विचारूच नका, तेव्हा आवाजही वाढतात. आधीच्या डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं होतं. मग मी तीन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या आणि ते पान नव्या डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी लगेच मानलं. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचा या आजाराशी संबंध असावा असं मानतात, बऱ्याच बायकांना चाळिशीनंतर पाळी जायच्या सुमारास हा आजार सुरू होतो तो त्यामुळेच असेल, असं म्हणाले.

आणखी एक. रिस्पेरिडोन या आजारावरच्या गोळीने माझी पाळीच बंद झाली होती, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढलं म्हणून. लाजून सहा महिने बोलले नाही. बायांनो, बोला.

वॉर्डातली_ताई
मानसोपचार विभागात नर्स आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी पेशंटना घड्याळं दिली होती. दिवसातून दहादा ती वाजायची, की त्या क्षणी काय चाललंय, कसं वाटतंय ते लिहायचं. 2004 मध्ये त्यांनी मांडलं की रोजच्या बारीकसारीक ताणाने स्त्री पेशंटचा मूड पुरुषांपेक्षा जास्त ढासळतो. पुरुषांत सरासरीने निर्विकारपणा, गप्प राहणं जास्त दिसतं. पण सरासरीच हो. माझ्या वॉर्डात ढसाढसा रडणारे पुरुष आहेत आणि दगडासारख्या बसून राहणाऱ्या बायकाही.

चेहऱ्यावर तर जाऊच नका. भावनिक फिल्म दाखवून केलेल्या प्रयोगांत पेशंटचे चेहरे फारसे हलले नाहीत, पण "काय वाटलं" विचारल्यावर त्यांनी इतरांइतकंच सांगितलं. शिवाय काही औषधांनी चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. हात थरथरणं, पाय ओढत चालणं असलं काही दिसतंय का ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र मनाने कमी करू नका.

अनेकांना समोरच्या गोष्टीचा आनंद होतो, पण पुढच्या आनंदाची ओढ वाटत नाही. म्हणून दादाचं ते "परत कधी येणार" मला टाळ्यांपेक्षा मोठं वाटलं.

निमूट
पुरुष, 33, निदान 21व्या वर्षी. वाटतं. चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आणि आजाराच्या आधी तरी रडायला कुणी देत होतं का? सगळं आजाराच्या नावावर कशाला खपवता.

तुमच्या ताईंना सांगा, त्याने "दगड" ऐकलंय.

धाकटी_बहीण
ताईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर दादाजवळ जाऊन बसली.

घड्याळाची कल्पना मी घरी वापरली. दिवसातून तीनदा विचारते, दहापैकी किती? काल भाची आली होती. दादा म्हणाला, "आठ." चेहरा तोच. पलीकडून मावशीने न विचारता सांगितलं, "माझे दोन. दार कुणी एवढं आपटतं का?"

दार मीच आपटलं होतं.